तांबड्या बाजूचा माणूस

वर्षाची आई, तू गेलीस ती गेलीस. पण जाण्याआधी मला तांबड्या बाजूला बसवून गेलीस, हे मला आत्ता या आठवड्यात कळलं. इतकी वर्षं एका घागरीचं पाणी प्यालो आपण, आणि तू मला शत्रूच्या जागी बसवलंस? तेही पोटच्या पोरीला हाताशी धरून? मी गोठ्यात म्हशीला पेंड घालत होतो, आणि तुम्ही दोघी आत बसून माझ्यावर चाल करायचा बेत आखत होता.

गेलेल्या माणसाविषयी चांगलं लिहावं म्हणतात. तुझं माहेर कुठलं, स्वभाव कसा, किती सोसलंस, ते सगळं तुझ्या भावानं लिहून फोटोखाली लावलंय. ज्याला वाचायचं त्यानं वाचावं. मला भांडायचंय. आपलं भांडण अर्ध्यावर टाकून तू उठून गेलीस, हे काही बरं केलं नाहीस. माझी पाळी होती.

झालं असं. दिवस घालून झाले, पाव्हणे गेले, वर्षा मात्र रजा वाढवून राहिली. चार दिवस काही बोलली नाही. मग एका सकाळी चहा देताना म्हणाली, "अप्पा, येळवस झाली, अमावस्येची शेतातली पूजा-पंगत आटपली की माझ्याबरोबर चला. तिकडंच राहा." मी म्हटलं, म्हशीचं काय? तर म्हणे, शेजारच्या नामदेवकाकांशी बोलणं झालंय, ते बघणार. मी म्हटलं, माझे गुडघे. तर म्हणे, येडशीहून गाडी, खालचा बाक, तिकीट काढलंय. मी म्हटलं, तिकडचं पाणी मला बाधतं. तर म्हणे, माठ घेऊन ठेवलाय, पाणी उकळून ओतायचं. शेवटी मी म्हटलं, तिथं मला बोलायला कोण आहे? तर म्हणे, खालच्या मजल्यावर आपल्याकडचेच, औशाचे एक काका राहतात, त्यांनाही भांडायला कुणी मिळत नाही.

मी गप बसलो. मी गप बसलेला बघून ती उठली आणि तांब्याभर पाणी घेऊन आली. मी मागितलं नव्हतं. मागणार होतो.

तेव्हा मनात पाल चुकचुकली. मी काय बोलणार ते माझ्याआधी ओळखणारं माणूस या घरात एकच होतं, आणि त्याला तर आपण तेरणेच्या काठी पोचवून आलो. मी विचारलं, "हे तुला कोण शिकवतंय?" पोरगी हसली, मग तिचं हसू मधेच कुठंतरी पडलं. म्हणाली, "आईनं आणि मी तुम्हाला लॅपटॉपवर लिहून ठेवलंय, अप्पा."

घे. आता यावर माणसानं काय बोलावं?

पोरीचं काम काय, ते मला बरीच वर्षं कळलं नव्हतं. गावात कोणी विचारलं, पोरगी बोटीवर असती का, तर मी व्हय म्हणून मोकळा व्हायचो. सोपं पडतं. आपल्याकडं पाणी बघायचं तर टँकरच्या तोंडाशी, आणि आपली पोर समुद्रावरच्या लढाईचं कॉम्प्युटर चालवते, हे कुणाला समजावून सांगायचं? नामदेव तर अजून विचारतो, समुद्राला उन्हाळ्यात किती पाणी राहतं म्हणून.

तुला मात्र तिनं एका दुपारी सांगितलं आणि तुला कळलं. तू ओट्यावर ज्वारी पाखडत होतीस, मी बाजूला बसलो होतो. तिनं तुझ्या हातातलं सूप घेतलं, बोटानं दाणे सारून मधे वाट केली. म्हणाली, ही समजा अरुंद तोंडाची खाडी. ज्वारीचे दाणे म्हणजे आपली जहाजं, ती निळी बाजू. मसुरीचे दाणे आणून पलीकडं टाकले, ती तांबडी बाजू, शत्रू. आपली तेलाची जहाजं या तोंडातून काढायची आहेत. शत्रू तिथं दबा धरून आहे का नाही, धड दिसत नाही. आता पुढं जायचं का थांबायचं? थांबलं तर तेल वेळेला पोचत नाही. गेलं आणि तो असला तर जहाज बुडतं. मोठे अधिकारी खोलीत बसून हे ठरवतात. निळी बाजू ते चालवतात आणि तांबडी कॉम्प्युटर चालवतो. मग सगळं पुसून पहिल्यापासून. वारा फिरवायचा, एक जहाज कमी करायचं, बातमी उशिरा पोचली असं धरायचं, आणि तीच लढाई हजारदा लावायची. कितीदा काय झालं ते बघायचं, आणि त्यावरनं खरा बेत करायचा.

"मग यात तुझं काय?" मी विचारलं.

"तांबड्याचं डोकं मी लिहिते," ती म्हणाली. "तो कधी भितो, कधी थांबतो, कधी अंगावर येतो, ते."

मी म्हटलं, तू लिहिलंस तसं वागला तर तो शत्रू कसला, तो तर गडी झाला. यावर तू सुपातून मान वर न करता म्हणालीस, "तुमी बी म्या म्हनते तसंच करता की. मग तुमी गडी का?" पोरगी अशी हसली की मसुरी सगळ्या ओट्यावर. तिथनं आपलं हे भांडण सुरू झालं आणि तिथंच ते अजून पडलंय.

त्या दुपारी तू आणखी एक विचारलं होतंस. त्या तांबड्याला घरचं कोणी हाय का? कारण भरल्या पोटी माणूस एक ठरवतो आणि घरात भांडून आलेला दुसरंच. तुला वाटलं, पोरगी तोंडात बोट घालणार. ती म्हणाली, "ते आधीच आहे, आई. झोप झाली नाही, थकला, वरून दाब आला, सगळं धरतो आम्ही." तू अशी खट्टू झालीस की संध्याकाळपर्यंत तिच्याशी धड बोलली नाहीस. पण एक गोष्ट तिनं तुला सांगितली ती तू पदराला गाठ मारून ठेवलीस. ती म्हणाली, आमच्या कामातली सगळ्यात वाईट चूक म्हणजे शत्रूच्या जागी स्वतःला बसवणं. मी असते तर काय केलं असतं ते लिहायचं नाही. तो काय करील ते लिहायचं. आणि त्यासाठी त्याच्यावर राग धरून चालत नाही, तो मनापासून कळावा लागतो.

मी म्हटलं, युद्ध म्हणजे काय खेळ आहे का? माणूस मरतं तिथं. तू म्हणालीस, म्हणूनच आधी दाण्यांवर मारून बघतात, दाण्यांना माय-बाप नसतात. हे तू बरोबर बोललीस. तेव्हा मी कबूल केलं नाही. आताही तोंडावर केलं नसतं.

तिच्याकडं आपण एकदाच गेलो. समुद्र बघून मी लांब वाळूतच बसलो. एवढं पाणी एका जागी असावं आणि त्यात एक वाफा भिजू नये, मला त्याचा रागच आला. तू मात्र लुगडं वर खोचून आत गेलीस, ओंजळ तोंडाला लावलीस आणि थुंकलीस. मग माझ्याकडं बघून ओरडलीस की खरंच खारट हाय. जसं काही पुस्तकात खोटं लिहिलं असावं म्हणून तू तपासायला गेली होतीस. येताना बाटली भरून आणलीस. मी गाडीभर भांडलो, उगीच ओझं. गावात आल्यावर गल्लीतल्या साऱ्या बाया बोट बुडवून चाखून गेल्या. नामदेवच्या बायकोनं तर दोनदा चाखलं. बाटली अजून भिंतीतल्या देवळीत आहे. तळाशी पांढरं बसलंय. मी ती टाकली नाही. टाकणारही नाही. पण ती उगीच आणलीस, हे माझं म्हणणं कायम आहे.

मग तुझ्या पोटात दुखायला लागलं. धाराशिवचे दवाखाने झाले, तपासण्या झाल्या. आता घरी न्या, खाईल ते घाला, असं डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा तू माझ्याकडं बघितलंस आणि म्हणालीस, चला, बस सुटंल. वर्षा रजा टाकून आली. दुपारी तू मला म्हणायचीस, जरा गोठ्याकडं जाऊन या. मी जायचो. आतनं तुमचं हसणं ऐकू यायचं. मला वाटायचं, लॅपटॉपवर काहीतरी सिनेमा बघत असाल. दुखणं विसरून तू हसतेस, मला तेवढंच पुरे होतं. मी मुद्दाम उशीर करायचो. एकदा तर म्हशीला दोनदा पाणी दाखवलं. ती बी माझ्याकडं बघायला लागली.

आता कळलं तुम्ही कशाला हसत होता. पोरीनं सगळं सांगितलं. आधी तिनंच गंमत म्हणून काढलं. कचेरीतलं नाही, घरचं, बारकं. तुझा वेळ जावा म्हणून. पहिल्यांदा तिनं मला लिहिलं ते तुला पटलं नाही. "ही तू झालीस," तू म्हणालीस, "तुझे अप्पा न्हायत हे. ते असं लगेच न्हाय म्हनत न्हायत. आधी गप बसतील. मग पाणी मागतील. पाणी पिऊन मग न्हाय म्हनतील. पाणी मागितलं की समजायचं, काम गेलं."

माझ्या तोंडावर कधी बोललीस का हे? इतकी वर्षं माझ्या हातात तांब्या देताना तुला आधीच ठाऊक असायचं की आता न्हाय येणार?

आणि काय काय. दोघींनी मिळून काही विचारायचं नाही, विचारलं तर दोघींनाही नाही म्हणतात. कुणीच विचारलं नाही तर दुसऱ्या दिवशी आपणहून विषय काढतात. घरात बोलायचं नाही, गोठ्यात बोलायचं, तिथं ऐकून घेतात. भाजीत शेवगा असला तर जेवण होईस्तोवर थांबायचं, लक्ष नसतं. शेवग्याचं खरं आहे. बाकीचंही खरं असेल. पण माणसाला असं सोलून ठेवतात का? हरभऱ्याचा घाटासुद्धा खाणारा आपापला सोलतो.

वर्षा म्हणाली की तू खोकत, कण्हत, पण नेमानं रोज थोडं थोडं सांगायचीस. शेवटी तू तिला बजावलंस. मी गेल्यावर येळवसला ते शेताकडं फिरकायचे न्हायत, घरात भिंतीकडं तोंड करून बसतील. ती येळवस त्यांच्याजवळ राहून काढ, आणि लगेच घेऊन जा. हा तुमचा बेत. म्हशीची, गुडघ्याची, पाण्याची उत्तरं त्यातनंच आलेली. औशाचा काकासुद्धा तूच शोधायला सांगितलास म्हणे.

मला संताप आला. मी म्हटलं, उघड ते. माझ्यासमोर चालव.

भर दुपारी ओट्यावर तिनं लॅपटॉप उघडला. मला वाटलं माझा फोटो दिसेल, निदान टोपी तरी. तर नुसत्या ओळी, एकाखाली एक, वर पळणाऱ्या. मी म्हटलं, विचार त्याला, येळवसला शेतात जातो का. तिनं टिपलं, चालवलं. लाव म्हटलं परत. परत चालवलं. कितीदा बी चालवलं तरी तेच. जातो. आधी बसतो, तोंड फिरवतो, पण मग उठतो आणि जातो.

मी टाळी वाजवली. "बघ, तुझ्या आईचं चुकलं."

तिनं टाळी घेतली नाही. कपाळाला आठ्या घालून ओळी खालीवर करत बसली. मला वाटलं, आता कचेरीतलं काहीतरी सांगून मला गप करील. पण ती हळू आवाजात म्हणाली, "अप्पा, हे जातं, कारण आई उठवतीय."

मला कळलं नाही. मग तिनं एकेक ओळ वाचून दाखवली. अप्पा जेवत नाहीत, तर आई ताट झाकून ठेवते, मग अप्पा जेवतात. अप्पा चिडतात, तर आई काही न बोलता दळणाला निघून जाते, मग अप्पा निवतात. अप्पा पाणी मागतात, तर आई देते. सगळीकडं तू. एक वाट अशी नाही की जिच्या मधे कुठंतरी तू उभी नाहीस. मी गेल्यावर हे कसे वागतील, हे सांगायला बसलीस आणि तुझं जाणंच विसरलीस. तोंडानं म्हणालीस, ते शेतात जायचे नाहीत. पण लिहून जे दिलंस त्यात तूच मला हाताला धरून शेतात नेतेस.

"आणि बाजू लिहिल्यात त्यात आई कुठंच नाही," वर्षा म्हणाली. "निळी मी, तांबडी तुम्ही. आईला आम्ही धरलंच नाही. माझं रोजचं काम आहे हो हे, आज हे जहाज काढ, उद्या ते काढ, आणि मला दिसलं नाही." मग म्हणाली, "आम्ही समुद्र असा लिहितो. तो कुणाच्या बाजूला नसतो. तो असतोच, असं धरून चालतो."

कसली बाई होतीस गं तू. भाकरी टाकायला बसलीस की मोठ्यानं मोजायचीस. यांच्या एवढ्या, पोरीच्या एवढ्या, गड्याच्या, पाव्हण्याच्या, वाटेनं कोणी आलं तर त्याची. सगळ्यांच्या टाकून झाल्या की परातीत राहिलेलं पीठ गोळा करून एक चानकी थापायचीस आणि ती तुझी. मी कितीदा ओरडलो, आधी स्वतःची मोज. तू म्हणायचीस, मी कुठं जाते? आता बघ कुठं गेलीस. नवऱ्याला शत्रू केलंस, पोरीला सेनापती केलंस, सगळी फौज मांडलीस, आणि मोजताना पुन्हा स्वतःला विसरलीस. मरणाच्या दारात बसून सुद्धा तीच चूक. यावर माणसानं रडावं का डोकं आपटावं, ते तूच सांग.

मी वर्षाला म्हटलं, काढ आईला. बघू काय होतं.

तिनं बराच वेळ हात लावला नाही. मग काढलं. एकेका ओळीतनं. आणि चालवलं. ओळी थोड्या पळाल्या आणि थांबल्या. जातो असं आलं नाही, राहतो असंही आलं नाही. काहीच आलं नाही. तिनं सांगितलं, अडकलंय. गप बसलाय, पाणी मागतोय, आणि पाणी द्यायला कुणी नाही, म्हणून पुढं सरकत नाही.

मी म्हटलं, "हे बरोबर लिहिलंय."

पोरगी तोंडाला ओढणी लावून रडली. तू गेलीस त्या दिवशी पाव्हण्यांच्या गडबडीत ती रडली नव्हती, सगळ्यांना चहा देत फिरत होती. मी जवळ बसून राहिलो. मला ते जमत नाही, तुला माहीत आहे. जरा वेळानं तिनं डोळे पुसले, लॅपटॉप पुढं ओढला आणि तुला जिथनं काढलं होतं तिथं तिथं परत ठेवलं. एकेक ओळ. मला वाटलं ती नवीन काहीतरी करतेय. मी विचारलं, तर म्हणाली, "राहू दे. होतं तसं ठेवलं." आणि झाकण लावलं.

ते मी बघितलं.

येळवसच्या सकाळी गाव पहाटेपासून उठलं होतं. सगळ्यांच्या चुली पेटलेल्या. शेंगा-पालेभाज्यांच्या भज्जीचा वास गल्लीभर. घरात माणूस गेलं की त्या साली शेतात आपली पूजेची खोप घालायची नाही, आंबील करायची नाही, हे तुला सांगायला नको. नामदेवची बायको कालच सांगून गेली होती, आमच्या खोपीत या, न्हाय आलात तर डोक्यावर जेवणाची पाटी घेऊन घरी येईन. मी अंघोळ केली. टोपी घातली. पायात वहाणा घातल्या. आणि उंबऱ्यात उभा राहिलो.

बाहेर पाय पडेना. आत जायचं तर भिंत दिसत होती. तुझं नाव घेऊन शिव्या दिल्या, मनातल्या मनात. बैलगाड्या, फटफट्या पुढनं जात होत्या, बाया डोक्यावर पाट्या घेऊन, प्रत्येकजण बोलवत होता, आमच्याकडं या, आमच्याकडं या. मी हूं हूं करत होतो. वर्षा गोठ्याच्या दारातनं बघत होती. तिनं विचारलं नाही. विचारायचं नाही असं तू लिहून ठेवलंयस ना. ती तशीच उभी राहिली, मी तसाच. तेव्हा मला तिची दया आली. ही पोर शिकली एवढी, मोठमोठे अधिकारी हिच्या तांबड्याशी लढतात, आणि इथं बाप उंबऱ्यात अडकलाय तर ओळ कुठली लावायची ते हिला सापडत नाही.

शेवटी मीच म्हटलं, "चल, न्हायतर ती बाई खरंच पाटी घेऊन यील."

नामदेवच्या शेतात खोपीपुढं सतरंजी घातली होती. कडब्याची खोप, आत पाच पांडवांचे पाच दगड चुना लावून मांडलेले, त्यांच्यापुढं दिवा. ज्वारी कमरेच्या वर आली होती, वाऱ्यानं सळसळ करत होती. नामदेवनं मला बघून जागा करून दिली. पूजा झाली. तो आंबील शिंपडत शेताभोवती फिरून आला. वाटेनं जाणारे दोन परके लोक त्यानं हाका मारून आत घेतले, येळवसला कोणाला उपाशी जाऊ देत नाहीत. मग पंगत बसायची वेळ झाली. नामदेवच्या बायकोचे हात भज्जीत होते. ती वर्षाला म्हणाली, बाई, तेवढ्या पत्रावळी मांड.

वर्षानं मोजलं. बोट करून मोजलं, तुझ्यासारखं, ओठ हलवत. अप्पा, नामदेवकाका, काकू, त्यांची सून, नातवंडं, ते दोन वाटसरू. पत्रावळी मांडल्या, पाणी ठेवलं, सगळ्यांना बसवलं. मी बसलो. बघितलं तर ती उभीच. सगळ्या जागा भरल्या होत्या. एक पत्रावळ कमी.

"तुझी कुठाय?" मी विचारलं.

तिनं खाली बघितलं, पंगतीकडं बघितलं. "अगंबाई," म्हणाली, "मी नंतर बसते, काकूंबरोबर वाढते."

काकू तर बसल्या होत्या.

वर्षाची आई, तू जाताना घर ठेवलंस, म्हैस ठेवलीस, ती खारट पाण्याची बाटली ठेवलीस. आणि हेही ठेवलंस? लांब समुद्राकाठी ती एकटी राहते. लग्न केलं नाही, त्यावरून आपण तिघं भांडून दमलो आणि सोडून दिलं. तिथं ही पोर सगळी जहाजं मोजते. हिला कोण मोजतं? मी इतके दिवस समजत होतो की मला दावणीची म्हैस करून ओढून न्यायला बसलेत. फार तर माझ्या सोयीचा बेत आहे म्हणत होतो. तुझ्या बेतात सगळ्यांची सोय होती, तिची सोडून. आणि ती तो बेत चालवत होती, स्वतःला न धरता, तुझी पोर शोभते अशी.

मी सरकलो. नामदेवला ढकललं. माझी पत्रावळ अर्धी तिच्याकडं केली आणि म्हटलं, बस. ती बसली. भज्जी वाढली, बाजरीचे उंडे वाढले, बरी झाली होती, तुझ्यासारखी नाही. नामदेवच्या बायकोला हे सांगू नको. सांगणार तरी कशी म्हणा.

जेवण होत आलं तेव्हा मी वर्षाला म्हटलं, पाणी दे.

तिचा हात थांबला. मी बघितलं, तिचा चेहरा उतरला. पाणी मागितलं की काम गेलं. तिनं तांब्या उचलला, माझ्या हातात दिला आणि दुसरीकडं, ज्वारीकडं बघत राहिली. मी प्यालो. सावकाश प्यालो. मुद्दाम. तुला दाखवायला.

मग म्हटलं, "येतो मी तिकडं. ज्वारी काढायला मात्र परत आणून सोडायचं. आणि त्या औशाच्या म्हाताऱ्याला आधीच सांगून ठेव, मी ऐकून घेणारा न्हाय."

तांब्यात पाणी राहिलं होतं, ते तिनं घेतलं आणि पिऊन टाकलं.

उद्या निघतोय. वळकटी बांधली. देवळीतली बाटली तिथंच ठेवलीय, समुद्राचं पाणी समुद्राकडं न्यायला मी काही खुळा नाही. तिकडं गेल्यावर रोज भाकरीला बसताना आधी तिची मोजायला लावणार आहे, मोठ्यानं. ऐकलं नाही तर भांडणार. तू सगळं लिहून ठेवलंस ना, पाणी पिऊन मी काय म्हणतो ते? मग बस आता खोडत. आणि खोडायला बसलीस तर पहिल्यांदा स्वतःची चानकी थापून खा.